गेटवाल्याची नोंद होत नसते

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.२०

ही घरी आली. सव्वीस दिवस हॉस्पिटलात होती. आजपासून हिची सगळी ड्यूटी माझ्याकडे.

आजार असा. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते डोक्यावरून गेलं, पण सिस्टरने नीट समजावलं. शरीरात पहारेकरी असतात. बाहेरचे जंतू आले की धरायचं, एवढंच त्यांचं काम. हिच्या पहारेकऱ्यांनी घरच्याच माणसांना चोपायला सुरुवात केली. आधी सांधे, मग मूत्रपिंडं. म्हणून औषधं देऊन पहारेकऱ्यांना झोपवलंय. घरच्यांचा मार थांबला, पण गेट उघडं पडलं. साधी सर्दी आत शिरली तरी हिला फार महागात पडेल. पुढचं मोठं इंजेक्शन २८ तारखेला. तोवर इन्फेक्शन झालं तर ते लांबणार आणि मूत्रपिंडं पुन्हा धोक्यात. सगळं सुरळीत झालं तर २८ नंतर नातीला भेटायची परवानगी. हिने गाडीत बसल्यापासून तीनदा विचारलं, किती दिवस राहिले. पंचवीस.

पहारेकरी आणि गेट! मी चौतीस वर्षं कारखान्याच्या मेन गेटवर काढली, त्यातली शेवटची अकरा सुपरवायझर म्हणून. सिस्टरला म्हटलं, तुम्हाला अगदी योग्य माणूस मिळालाय. ती म्हणाली, छान, आधी हात धुवून या.

हीच सिस्टर आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येणार.

दुपारी ३.००

सिस्टरने दिलेला सूचनांचा कागद फ्रिजवर लावला. चौदा सूचना आहेत. मी स्वतःच्या अनुभवातून आणखी नऊ घातल्या.

दाराशी स्टूल, स्टुलावर रजिस्टर, रजिस्टरला दोऱ्याने बांधलेलं पेन. रकाने: नाव, नातं, इन-टाइम, खोकला-सर्दी, घरात कोणी आजारी, हात धुतले का, निर्णय, सही. आता या दारातून चिलटसुद्धा आत जाणार नाही.

हिने रजिस्टर बघून विचारलं, तुमचं नाव कुठाय. सांगितलं, गेटवाल्याची नोंद गेटच्या रजिस्टरमध्ये होत नसते. चौतीस वर्षांत माझी एकदाही झडती झाली नाही. ही काही बोलली नाही. पटलं असावं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टर वेळेवर. रजिस्टरमध्ये सही केली, कुरकुर न करता. हाडाची शिस्तीची बाई. हात धुताना मी बाहेरून मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजले. ती बावीसपर्यंत धूत होती. दोन सेकंद जादा. रिमार्कमध्ये नोंद केली.

हिचं ब्लडप्रेशर, तोंडात फोड आहे का, पायावर सूज आहे का, सगळं पाहिलं. मग माझ्याकडे वळली. विचारलं, फ्लूची लस घेतलीत का. म्हटलं, पेशंट ती आहे. तर म्हणाली, तिला घरात सगळ्यात जवळचा माणूस कोण, तुम्हीच ना, मग सगळ्यात आधी तुम्ही घ्यायची. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये मिळते, पाच मिनिटांचं काम.

तिला सांगितलं की गेल्या बावीस वर्षांत मी आजारी पडलेलो नाही. माझी प्रतिकारशक्ती दोघांना पुरून उरेल. ती म्हणाली, तशी वाटून घेता येत नाही हो काका.

संकल्प: उद्या लस.

५ नोव्हेंबर, बुधवार

लस रद्द. गेट सोडून जाणं बरोबर नाही.

११.४० ला मेहुणी आली, हिची धाकटी बहीण. हातात डबा. रजिस्टर भरत असताना घसा खाकरला. मी स्वतः ऐकलं. तिचं म्हणणं, भाऊजी, तीन जिने चढून आले, दम लागला. म्हटलं, दमाला रकाना नाही, खोकल्याला आहे. निर्णय: परत पाठवले. डब्यासकट.

मेहुणी तोंड एवढंसं करून गेली. नियम म्हणजे नियम, असं मी जिन्यावरून सांगितलं.

ही संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, माझा आजार आता दोन ठिकाणी झालाय, एक अंगात आणि एक दारात. अर्थ लागला नाही. औषधाचा परिणाम असेल, सिस्टरला विचारायला हवं.

डबा परत गेल्यामुळे स्वयंपाक मी केला. सूप. हिने दोन चमचे घेतले. मला वाटतं भूक कमी झाली आहे. तेही सिस्टरला विचारायचं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फळं नीट धुवून द्यावीत, सूचना क्रमांक सहा. द्राक्षं धुतली. साबणाने. फेस जाईना. चार पाण्यांतून काढली तरी एकेका द्राक्षातून बुडबुडा येत होता. हिने सगळी कचऱ्यात टाकली आणि केळं सोलून खाल्लं. कौतुकाचा शब्द नाही.

शेजारच्या वहिनींनी फुलांचा गुच्छ पाठवला. सूचना क्रमांक नऊ, खोलीत फुलं आणि कुंडी नको. गुच्छ जिन्यातच अडवला. वहिनींनी दार जोरात लावलं. गेटवर काम करणाऱ्याला लोकप्रियता मिळत नसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून हिचं टेंपरेचर घेतोय. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. चार्ट भिंतीवर. सकाळी ७ चं रोज ९९.८. माझी पाचावर धारण बसली होती, पण कोणाला दाखवलं नाही.

सिस्टरने आज मला टेंपरेचर घेताना पाहिलं. विचारलं, त्यांनी चहा किती वाजता घेतला. म्हटलं, ६.५५. तिने सावकाश सांगितलं की गरम पिण्यानंतर अर्धा तास थांबायचं असतं. अर्ध्या तासाने घेतलं तर ९८.२.

चार्टवरचे तीन आकडे लाल शाईने खोडले. चूक चहाची होती.

सिस्टरने पुन्हा बजावलं. १००.४ झालं की घड्याळ बघत बसायचं नाही. तापाची गोळी द्यायची नाही, गोळीने ताप झाकला जातो, आजार नाही. लगेच फोन आणि तासाभरात हॉस्पिटल. कधीही अंगात कसकस वाटली तर लगेच मोजायचं, ठरलेल्या वेळेची वाट बघायची नाही. मी मान डोलावली. हे सगळं मला आधीच ठाऊक होतं.

लसीचं विचारलं. म्हटलं, शनिवारी नक्की.

८ नोव्हेंबर, शनिवार

क्लिनिक शनिवारी अर्धा दिवस. घाईगडबडीत लस घेऊ नये.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकीचा फोन. तिला यायचंय, चिमुरडीला घेऊन. चिमुरडीचं नाक गळतंय असं बोलता बोलता निघालं. साफ नकार दिला. लेक म्हणाली, बाबा, मी तुम्हाला फक्त सांगत होते, आणणार नव्हतेच. मग विचारलं, तुम्ही बाहेरून आल्यावर मास्क लावता ना घरात. मी म्हटलं, मी बाहेर जातोच कुठे.

फोन हिच्याकडे दिला. ही नातीशी अर्धा तास बोलली. नात बोलत नाही अजून, नुसते आवाज काढते. ही पण तसेच आवाज काढत होती. फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसले. विचारलं, किती दिवस. एकोणीस.

मलाही त्या क्षणी लस घ्यावीशी वाटली. पण रविवार होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरने लसीचं विचारलं. सांगितलं, क्लिनिकमध्ये गर्दी असते आणि गर्दीत जंतू असतात, ते मी घरी आणू का. मुद्दा बिनतोड होता. ती माझ्या मानेकडे बघत राहिली. मग म्हणाली, केस छान कापलेत, सलूनमध्ये गर्दी नव्हती वाटतं.

या बाईची नजर गेटवर हवी होती.

संकल्प: गुरुवार, सकाळी ९. आता बदल नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.००

संध्याकाळी पाच ते साडेसहा मी बागेतल्या ज्येष्ठांच्या खोलीत असतो. त्याला बाहेर जाणं म्हणता येणार नाही. बाहेरच्या बाजूचा राउंड म्हणता येईल. गेटवर असतानाही मी दिवसातून एकदा कंपाउंडला चक्कर मारायचो.

तिथे पोस्टमास्तर असतात. रिटायर झाले तरी सगळे पोस्टमास्तरच म्हणतात. रोज बुद्धिबळ. रविवारपासून ते खोकतायत. आज तर हत्ती उचलून माझ्यापुढे ठेवताना हत्तीवरच शिंकले. म्हणाले, धूळ आहे. खोलीत धूळ असतेच. मी तो हत्ती मारला. सलग चौथा विजय.

घरी येऊन हात धुतले. आठ सेकंद. पण मी दिवसभर इतक्या वेळा धुतो की सरासरी वीसच्या वर जाते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

क्लिनिकमध्ये गेलो. नंबर १४. बाकावर बसलो. मनाची तयारी पक्की. नंबर ११ ला दार अर्धं उघडं राहिलं आणि सुई दिसली. सुईला भिण्याचा प्रश्न नाही. पण त्याच क्षणी घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं.

घरी धावत आलो. गॅस बंद होता.

सुटकेचा नि:श्वास टाकला. अशा बाबतीत हयगय नको.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टरने विचारलं, गेलात का क्लिनिकला. म्हटलं, गेलो होतो. हे शंभर टक्के खरं आहे. तिचा चेहरा खुलला. विचारलं, हात दुखतोय का. म्हटलं, डावा दुखतोय. हेही खरं आहे, दोन हजार नऊ सालापासून दुखतोय. तिने फाइलमध्ये लिहिलं, पतीने लस घेतली.

मी काही खोटं बोललो नाही. लिहिणाऱ्याने काय लिहावं हे सांगणारा मी कोण.

ही आत पलंगावर बसून सगळं ऐकत होती. सिस्टर गेल्यावर माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. मग उगीचच विचारलं, फार टोचलं का हो. म्हटलं, छे.

हिशेबाप्रमाणे आता फक्त चौदा दिवस. इतके दिवस ताप नाही. चार्ट बघून ऊर भरून येतो. हे सगळं कोणामुळे, ते इथे लिहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोन शिंका. कारण: रजिस्टरचं पुठ्ठ्याचं कव्हर, धूळ.

पोस्टमास्तर आले नाहीत. झोपून आहेत असं कळलं. हरण्याचं मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शिंका नऊ. पुढे मोजल्या नाहीत, रकाना नसल्यामुळे. नाक वाहतंय. ही सर्दी नाही. ज्याची प्रतिकारशक्ती कमी त्याला सर्दी होते. हे हवामान आहे.

हिने विचारलं, सर्दी झालीय का तुम्हाला. मी कानांवर हात ठेवले. ती म्हणाली, मग मास्क लावा, पुढच्या खोलीत झोपा, माझ्यासाठी स्वयंपाक नका करू, बहिणीला बोलावू या दोन-चार दिवस. मेहुणीला? जिला मी याच दारातून परत पाठवलं तिला? आणि माझ्या तोंडाला मास्क दिसला तर हिचं मनोधैर्य खचेल. हे तिला सांगितलं नाही. चहा देताना तोंड दुसरीकडे वळवलं. थोडा बशीत सांडला.

पुढच्या खोलीत झोपायचं मात्र मान्य केलं. तेवढं मी ऐकतो.

दुपारी ४.००

खबरदारी म्हणून तापाची एक गोळी घेतली. हिला द्यायची नाही असं सिस्टरने सांगितलंय. मला द्यायची नाही असं कुठे लिहिलेलं नाही. चौदा सूचना पुन्हा वाचून खात्री केली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरला सकाळीच फोन करून कळवलं, आज यायची गरज नाही, इकडे सगळं उत्तम, तुम्हाला इतर पेशंट असतील. आवाज बसलाय का, असं तिने विचारलं. म्हटलं, लाइन खराब आहे.

ती आली असती तर उगाच गैरसमज झाला असता. वर ती फाइलमधली लस. एकावर एक प्रश्न निघाले असते.

ही म्हणाली, आज सिस्टर का आली नाही. म्हटलं, तिची अडचण असेल. ही बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मी चार्टकडे बघत होतो. ९८.४.

दहा दिवस राहिले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

माझं टेंपरेचर १००.२. थर्मामीटर बिघडलेला असावा. हिचं त्याच थर्मामीटरने ९८.८, म्हणजे अधूनमधून बिघडतो.

गोळी क्रमांक तीन. अंग मोडून आलंय, पण ड्यूटी चालू. दुपारी दाराशी स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागली. चौतीस वर्षांत असं झालं नव्हतं. कोणी आलं नाही, त्यामुळे सुरक्षेत त्रुटी राहिली असं म्हणता येणार नाही.

संकल्प: बरं वाटलं की लस. मनापासून.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १२.१०

हिचं ९९.६. म्हटलं, चहा घेतलास. ती म्हणाली, नाही घेतला. म्हटलं, आठव जरा.

दुपारी ३.२०

हिला थंडी वाजतेय. दोन चादरी दिल्या. टेंपरेचर १००.६.

चार्टमध्ये सव्वातीनचा रकाना नाही. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. मधलं रीडिंग अधिकृत धरता येत नाही. सहाला पुन्हा घेऊन मगच निर्णय घेणं योग्य. घाबरून काही करायचं नाही. मी घाबरलेलो नाही.

सहा वाजेपर्यंत जरा पाठ टेकतो.

संध्याकाळी ५.५०, हॉस्पिटल

हिला तातडीने हॉस्पिटलात हलवलं.

तपशील. मला डोळा लागल्यावर ही उठली. स्वतः टेंपरेचर घेतलं. १०१.२. चार्टच्या समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, वेळेसकट, ४.०५. सिस्टरला फोन केला. सिस्टरने तिला सांगितलं, गोळी घेऊ नका, थेट निघा, मी वॉर्डात कळवून ठेवते. हिने बॅग भरली, औषधांची पिशवी घेतली, फाइल घेतली, मास्क लावला, टॅक्सी बोलावली. मग मला उठवलं. म्हणाली, अहो, उठा, मास्क लावा, टॅक्सी खाली आलीय. जिना उतरताना ती कठड्याला धरत होती. मी बॅग धरली.

टॅक्सीत पुढे बसायला लावलं मला. काच उघडी ठेवायला सांगितली. इतक्या तापात हिला एवढं सुचतं कसं, कळत नाही.

संध्याकाळी ६.३०

हिला वेगळ्या खोलीत नेलं. दाराला काच आहे. रक्त घेतलं, सलाईनमधून औषध सुरू केलं, पोहोचल्यापासून पंचवीस मिनिटांत. मी घड्याळ लावून होतो. चोख काम.

मी आत जायला निघालो तर वॉर्डाच्या दारातल्या सिस्टरने अडवलं. ही दुसरी सिस्टर, वयाने लहान. पुढे एक फॉर्म ठेवला. नाव, नातं, खोकला, सर्दी, ताप, गेल्या पंधरा दिवसांत लस. मला रकाने ओळखीचे वाटले. खोकला, नाही असं लिहिलं. सर्दी, नाही असं लिहिलं. ताप लिहायला पेन टेकवलं आणि शिंकलो. फॉर्मवरच.

तिने तो फॉर्म कोपऱ्याला धरून उचलला, कचऱ्यात टाकला आणि नवीन दिला. म्हणाली, काका, सावकाश भरा, घाई नाही. तरी आत सोडणार नाही.

मी म्हटलं, मी नवरा आहे. म्हणाली, म्हणूनच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. हॉस्पिटल, बाहेरचा बाक

मोठे डॉक्टर भेटले. दोन मीटर अंतर ठेवून. हिला फ्लू झालाय, फुप्फुसांत उतरायला लागलाय. त्यांनी विचारलं, घरात गेल्या दोन आठवड्यांत कोण कोण आलं.

मी याच क्षणाची वाट बघत होतो. पिशवीतून रजिस्टर काढून त्यांच्यापुढे धरलं. एकूण नोंदी एकतीस, त्यांतले आत सोडलेले फक्त पाच. सिस्टर पाच... नाही, पाचव्या वेळी आली नव्हती. आत सोडलेले चार, चारही वेळा सिस्टर. बाकी सगळे परत पाठवले. एकही खोकणारा माणूस आत नाही. डॉक्टरांनी शांतपणे सगळी पानं उलटली. असं रजिस्टर मी आजवर पाहिलं नाही, असं म्हणाले. मग विचारलं, यात तुमचं नाव कुठाय.

मला उत्तर येत होतं. हिला दिलं होतं तेच. मी रजिस्टर मिटलं.

डॉक्टरांच्या मागे आमची सिस्टर उभी होती, मंगळवार-शुक्रवारवाली. हातात फाइल. तिने ते पान उघडलं, पतीने लस घेतली, असं लिहिलेलं. पेन काढून ती ओळ खोडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ताप १०२. ऑक्सिजन लावलाय.

काचेतून दिसते. डोळे मिटलेले. मी काचेवर बोट वाजवलं नाही. वाजवायचं नसतं असं लिहिलंय.

मला भीती वाटतेय. हे वाक्य मी खोडणार नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ताप उतरला. ९९. ऑक्सिजन काढला.

हिने काचेच्या पलीकडून फोन केला. आवाज बारीक. पहिला प्रश्न, जेवलात का. दुसरा, तुमचा ताप गेला का. मग मीच बोललो. लस घेतली नव्हती, सुई बघून पळून आलो, गॅस बंदच होता, पोस्टमास्तर खोकत होते, सिस्टरला मीच येऊ नको म्हणालो होतो. एका दमात सगळं. ही ऐकत होती.

म्हणाली, मला माहीत होतं. चौदा तारखेपासून. हातावर कापूस नाही, चिकटपट्टी नाही, आणि एरवी तुम्ही दाढी करताना लागलं तरी तीन दिवस सांगत फिरता. विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, वाटलं, तुम्ही सांगाल.

रडलो. कॉरिडॉरमध्ये, मास्कच्या आत. मास्कच्या आत रडण्याची सोय नसते, नाक वाहतं आणि सगळं तोंडाला चिकटतं. हिने काचेतून खूण केली, मास्क बदला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मोठं इंजेक्शन होतं. झालं नाही. १२ डिसेंबरला बघू म्हणाले. रक्त तपासून, मूत्रपिंडं बघून. नातीची भेटही त्यानंतरच.

लेकीला मीच फोन करून सांगितलं, माझ्यामुळे. लेकीने नातीला फोनवर दिलं. तिने मलाही तो आवाज काढून दाखवला. मला तसा परत काढता आला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

ही हॉस्पिटलातून सुटली. घरी नाही, मेहुणीकडे गेली. सिस्टर म्हणाली, तुमचा खोकला थांबून लस घेऊन होईपर्यंत तिकडेच बरं. मेहुणीच्या घरात सगळ्यांनी लस घेतलीय, ऑक्टोबरमध्येच. मेहुणीला मी परत पाठवलं तेव्हाही तिने घेतलेली होती. रजिस्टरमध्ये मी तो रकानाच ठेवला नव्हता.

घर रिकामं. दाराशी स्टूल आहे. रजिस्टर आत ठेवलं.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.४०

हिचे कपडे, चष्मा आणि बारकी उशी पोचवायला मेहुणीकडे गेलो. मास्क लावून. तीन जिने चढून. बेल वाजवली.

दाराशी स्टूल. स्टुलावर वही. वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन. रकाने सगळे माझेच, नाव, नातं, इन-टाइम, खोकला-सर्दी, सगळं जसंच्या तसं. शेवटी एक जादा रकाना, हिच्या अक्षरात: लस.

मेहुणी मास्क लावून दारात उभी. वहीकडे बोट केलं. मी भरलं. नाव. नातं, नवरा. इन-टाइम १०.२५. खोकला-सर्दी, आहे. घरात कोणी आजारी, मी. हात धुतले का, धुतले, वीस सेकंद. लस, नाही. तेवढ्यात घसा खवखवला. म्हटलं, जिने चढून दम लागलाय. मेहुणी म्हणाली, असेल भाऊजी, पण दमाला रकाना नाही.

पिशवी तिने लांबूनच घेतली. निर्णयाच्या रकान्यात लिहिलं, परत पाठवले. आत ही हसली. नक्की हीच हसली, मला आवाज ओळखता येतो. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा ऐकला.

गेटवर असताना परत पाठवलेली माणसं वाद घालायची, ओळखी सांगायची, साहेबांना फोन लावायची. मी वही वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. वेळ बरोबर, रकाने पूर्ण, निर्णय योग्य. चूक काढायला कुठे जागा नव्हती. चौतीस वर्षांत माझ्या नावाची ही पहिली नोंद.

सही केली आणि जिना उतरलो.